सामना संपल्यावर

संगमेश्वर तालुक्यात शक्ती-तुऱ्याचा सामना लागला की वाडीवाडीतली माणसं रात्र जागवतात. एक बाजू शक्तीची थोरवी गाते, दुसरी शिवाची. एका शाहिराने पुराणातला पेचाचा सवाल टाकायचा, दुसऱ्याने तो गाण्यातच सोडवून वर एक टोला द्यायचा. पहाटे घरी परतताना कोणाची बारी सरस झाली यावर वाटभर भांडणं होतात. पण सवालाचं उत्तर सुचलं नाही म्हणून एखादा तुरेवाला दुसऱ्या दिवशी शक्तीवाला झाला, असं काही होत नाही. तशी कोणाची अपेक्षाही नसते.

ख्रिस्ती धर्मप्रचारकांची मात्र नेमकी हीच अपेक्षा होती. चारचौघांत वाद घालावा, प्रतिपक्षाला निरुत्तर करावं आणि मग त्याने आपलं म्हणणं स्वीकारावं. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी मुलखात हा प्रयोग मोठ्या हिरिरीने झाला आणि तो करणाऱ्या स्कॉटिश मिशनऱ्यांची सुरुवात झाली ती आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातच. संगमेश्वराची शास्त्री नदी जयगडला समुद्राला मिळते. तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेला गेलं की हर्णै लागतं आणि त्याच्याही पुढे सावित्रीच्या मुखावर बाणकोट. बाणकोटचा किल्ला १७५६ पासून इंग्रजांकडे होता. तिथे १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचा भारतातला पहिला मिशनरी डोनाल्ड मिचेल आला. तो त्याच वर्षी वारला, पण मागून आलेल्यांनी बाणकोट आणि हर्णै इथे शाळा काढल्या. १८२९ मध्ये जॉन विल्सन नावाचा पंचविशीतला स्कॉटिश तरुण आला, तोही मुंबईत बस्तान बसवण्याआधी मराठी शिकायला या किनाऱ्यावरच राहिला. पुढे ज्यांच्या नावाने मुंबईचं विल्सन कॉलेज ओळखलं जाऊ लागलं, ते हेच विल्सन.

हे लोक वादाला इतके उत्सुक का होते, हे समजून घ्यायला हवं. आपल्या श्रद्धेचं कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला उत्तर द्यायला तयार असा, पण ते नम्रतेने द्या, अशी सूचना नव्या करारात पेत्राच्या पत्रात आहे. ख्रिस्ती परंपरेत यातूनच अपॉलॉजेटिक्स नावाची एक स्वतंत्र ज्ञानशाखा उभी राहिली. श्रद्धेवर घेतलेल्या आक्षेपांना युक्तिवादाने उत्तर देणं हे तिचं काम. ख्रिस्ती प्रेषित पौल अथेन्सच्या ग्रीक विद्वानांपुढे उभा राहिला तेव्हा त्याने ज्यू धर्मग्रंथांचे दाखले दिले नाहीत. शहरात एका ‘अज्ञात देवा’ची वेदी दिसली होती, तिथूनच त्याने बोलायला सुरुवात केली आणि ग्रीक कवींचा आधार घेतला. तरीही ऐकणाऱ्यांपैकी काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा कधीतरी ऐकू आणि थोडेच त्याच्याबरोबर गेले. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात हा निकाल लपवलेला नाही, हे मला त्या पुस्तकाचं मोठेपण वाटतं.

विल्सनच्या पिढीवर मात्र पौलापेक्षा विल्यम पेलीची छाप अधिक होती. पेलीचा ख्रिस्ती धर्माच्या पुराव्यांवरचा ग्रंथ १७९४ मध्ये आला आणि ब्रिटनमधल्या सुशिक्षितांनी तो पाठ केल्यासारखा वाचला. त्यातली भूमिका वकिली थाटाची होती. साक्षीदार विश्वसनीय आहेत, त्यांनी छळ सोसूनही साक्ष बदलली नाही, म्हणून चमत्कार घडले हे मानायला हवं आणि चमत्कार घडले म्हणून शिकवण ईश्वरी. ही शिदोरी घेऊन आलेल्या माणसाला समोर पुराणं दिसली, तेव्हा त्याला वाटलं की इथे तर खटला सोपा आहे.

तो सोपा नव्हता. १८३० मध्ये मुंबईत पहिला जाहीर वाद झाला. ख्रिस्ती बाजूने बोलायला रामचंद्र नावाचा पूर्वाश्रमीचा पुराणिक होता. पुढच्या वर्षी हिंदू बाजूने मोरभट दांडेकर उभे राहिले. अनेक संध्याकाळी चाललेल्या त्या वादानंतर मोरभटांनी मराठीत ‘हिंदुधर्मस्थापना’ ही पुस्तिका लिहिली. विल्सन यांनी १८३२ मध्ये तिला इंग्रजीत पुस्तकभर उत्तर दिलं, पण त्या पुस्तकाच्या सुरुवातीला मोरभटांच्या पुस्तिकेचं भाषांतर छापलं. प्रतिपक्षाचं म्हणणं आधी आणि पूर्ण देऊन मग खंडन करण्याची ही रीत आपल्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या पद्धतीशी जुळणारी होती. सूर मात्र जुळला नाही. विल्सन यांच्या पुस्तकाच्या नावातच हिंदू धर्माचा बुरखा फाडण्याची भाषा होती. नम्रतेची सूचना पेत्राच्या पत्रातच राहिली, असं म्हणावं लागतं.

मोरभट आणि त्यांच्यामागून आलेल्या हिंदू वादपटूंनी विचारलेले प्रश्न आजही तितकेच टोकदार आहेत. परमेश्वर सर्वज्ञ असेल तर आदाम पाप करणार हे त्याला ठाऊक होतं, मग त्याने तो मोह समोर ठेवलाच का? तो सर्वशक्तिमान असेल तर क्षमा करायला त्याला कोणाच्या मरणाची गरज का पडावी? ख्रिस्त येण्याआधी जन्मून गेलेल्या कोट्यवधी माणसांचं काय? आणि चमत्कार हाच पुरावा असेल, तर आमच्या पुराणांतल्या चमत्कारांनी काय घोडं मारलंय? पेलीच्या ग्रंथाला या शेवटच्या प्रश्नाची फारशी सवय नव्हती. ज्या देशात चमत्काराची कोणाला अपूर्वाईच नाही, तिथे चमत्काराची साक्ष काढून किती पुढे जाणार?

मोरभटांनी १८४४ मध्ये ‘उपदेशचंद्रिका’ हे मासिक काढलं. त्याआधी दोन वर्षं, १८४२ मध्ये, अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ सुरू केलं होतं. एकाने लेख लिहावा, दुसऱ्याने खोडावा, असा तो काळ. माझ्या मते या वादांची खरी कमाई धर्मांतरांत शोधू नये, मराठी गद्यात शोधावी. क्लिष्ट तात्त्विक मुद्दा सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत, छापील पानावर, पायरीपायरीने मांडण्याचा सराव दोन्ही बाजूंना या भांडणांनी दिला.

यातलं सर्वांत नाट्यमय प्रकरण १८५७ चं. विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे माणगावकडच्या शिरवलीचे विष्णू भिकाजी गोखले, मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर मिशनऱ्यांशी आठवड्याच्या आठवड्याला वाद घालत. जानेवारीत सुरू झालेल्या या सभा मे महिन्यापर्यंत चालल्या. वाळूवर गर्दी जमे, टाळ्या पडत. पुढे उत्तरेत उठाव पेटला आणि अशा सभा भरवणं कठीण झालं. अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन यांनी या वादांचा वृत्तान्त त्याच वर्षी प्रसिद्ध केला. विष्णुबुवांनी प्रचाराचं तंत्र मिशनऱ्यांकडूनच उचललं होतं. व्याख्यानं, छापील पुस्तकं, प्रश्नोत्तरं, गावोगाव फिरणं, सगळं तेच आणि सगळं वेदोक्त धर्मासाठी. त्यांच्या सभांना येणारे हिंदू आपल्या बुवांचा विजय पाहून परतले असणार आणि ख्रिस्ती आपल्या साहेबांचा. शक्ती-तुऱ्याचाच न्याय.

मग ख्रिस्ती झाले ते कसे झाले?

पहिलं उदाहरण पुन्हा वादाचंच आहे, पण त्याची तऱ्हा वेगळी. जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ थेट संस्कृत श्लोकांत, गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लिहिला. त्याला तीन पंडितांनी संस्कृतातच उत्तरं दिली. त्यांतले एक सुबाजी बापू हे मराठी पंडित. ‘सोमनाथ’ या नावाने लिहिताना त्यांनी असा सूर लावला की ईश्वराने वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे मार्ग दिले आहेत, तेव्हा ज्याने त्याने आपल्या मार्गाने जावं. हेच सुबाजी कोपर्निकसचं खगोलशास्त्र मराठीत समजावून सांगत होते. म्हणजे नव्या ज्ञानाला विरोध म्हणून ते ख्रिस्ती धर्माला विरोध करत होते, असं म्हणायची सोय नाही. तिसरं उत्तर १८४४ च्या सुमारास आलं, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. लेखक काशीतला विशीच्या आसपासचा चित्पावन तरुण, नीलकंठशास्त्री गोऱ्हे.

नीलकंठशास्त्री काशीतल्या विल्यम स्मिथ या मिशनऱ्याकडे गेले ते त्याला हरवायला. खंडन करायचं म्हणून बायबल वाचू लागले. आक्षेप लिहायचे, स्वतःच तपासायचे, पुन्हा लिहायचे. या कामात त्यांना समोरच्याने हरवलं नाही. स्वतःच्याच युक्तिवादांतल्या फटी त्यांना दिसू लागल्या. १८४८ मध्ये जौनपूरला त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ते नेहेम्या गोऱ्हे झाले. १८६० मध्ये त्यांनी ‘षड्दर्शन दर्पण’ लिहून सहाही दर्शनांचं खंडन केलं. दोन वर्षांत त्याचं इंग्रजी भाषांतरही आलं. पण शंकांनी त्यांची पाठ शेवटपर्यंत सोडली नाही. इतका तर्कशुद्ध माणूस, इतक्या पुराव्यांनिशी निर्णय घेतलेला आणि तरी आयुष्यभर अस्वस्थ. पास्कलने लिहून ठेवलंय की दुसऱ्याने दिलेल्या कारणांपेक्षा स्वतःला सापडलेली कारणं माणसाला जास्त पटतात. गोऱ्ह्यांच्या बाबतीत हे दुहेरी खरं ठरलं. त्यांना श्रद्धेची कारणंही स्वतःच सापडली आणि शंकेचीही.

याच गोऱ्ह्यांनी पंडिता रमाबाईंना वळवलं. रमाबाई संस्कृत पंडिता, कलकत्त्याच्या विद्वानांनी ‘सरस्वती’ पदवी देऊन गौरवलेली बाई. तिला सहज कोणी शिकवून जाईल हे शक्य नव्हतं. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजच्या मठात राहत असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामागे गोऱ्ह्यांचं लेखन होतं, हे त्यांनी स्वतः नोंदवलं आहे. त्यांना भावला तो युक्तिवादापेक्षाही त्या वृद्ध पाद्र्याचा हळवा, निगर्वी सूर. यूरोपियनांसारखा नव्हे, त्यांच्यासारखाच विचार करणारा आणि त्यांच्यासारखंच सारं सोडून आलेला माणूस बोलत होता. ॲरिस्टॉटल म्हणतो की मन वळवायला तर्क लागतो, भावना लागते आणि बोलणाऱ्याचं चारित्र्य लागतं. त्यात चारित्र्याचा वाटा सर्वांत मोठा, हेही तो जवळजवळ सांगूनच टाकतो.

बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंची खरी गाठ पडली ती मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी. त्रैक्य, ख्रिस्ताचं देवत्व, चर्चचा अधिकार यांवर या दोघींची आणि इतर इंग्रज मंडळींची जी पत्रापत्री झाली, ती प्रत्येक धर्मोपदेशकाने वाचावी अशी आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने ती १९७७ मध्ये प्रसिद्ध केली. सिस्टर आज्ञापालनाची अपेक्षा करतात, रमाबाई मागे हटत नाहीत. ब्राह्मणांच्या अधिकाराचं जोखड महत्प्रयासाने झुगारलेली बाई दुसरं जोखड मानेवर का घेईल, हे त्या सिस्टरला उमगत नाही. ख्रिस्ती झालेली ही स्त्री ख्रिस्ती पुरोहितशाहीशी वाद घालते, तेव्हा त्या पत्रांतलं समर्थन मला विल्सन यांच्या सगळ्या ग्रंथांपेक्षा अस्सल वाटतं. पुढे आठेक वर्षांनी विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र वाचताना त्यांच्या ध्यानात आलं की आपण ख्रिस्ताचा धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र अजून सापडलेला नाही. बुद्धीला पटलेलं आयुष्यात मुरायला इतका काळ गेला.

पुण्यातलं शारदा सदन हा याच गोष्टीचा अवघड भाग. सदनात विधवा मुलींना शिक्षण मिळे, धर्माची सक्ती नव्हती. पण रमाबाईंच्या खोलीचं दार प्रार्थनेच्या वेळी उघडं असे आणि काही मुली तिथे जाऊन बसू लागल्या. १८९३ मध्ये वादळ उठलं, ‘केसरी’ने झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. रमाबाईंचं म्हणणं, मी कोणाला बोलावत नाही, पण कोणी आलं तर दार का लावू? म्हणणं बिनतोड आहे. तरीही जिच्या घरचे दरवाजे बंद झालेत आणि जिचं अन्न, वस्त्र, शिक्षण एकाच बाईवर अवलंबून आहे, अशा पोरीवर उघड्या दाराचा केवढा प्रभाव पडत असेल! हा प्रभाव म्हणजे मन वळवणं की आणखी काही, याचा निवाडा रानडे-भांडारकरांना सोपा गेला नाही आणि मलाही जात नाही.

सत्ता शेजारी उभी असली की तर हा प्रश्न आणखी बिकट होतो. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये ‘ख्रिस्तपुराण’ छापलं. सुमारे अकरा हजार ओव्या आणि त्यांतली मराठी इतकी लडिवाळ की आजही वाचणारा खुळावतो. ग्रंथाच्या आरंभी नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्र्याला विचारतो की जुनी पुराणं तुम्ही वाचू देत नाही, मग आम्हाला दुसरं काहीतरी द्या की. हा प्रश्न गोड वाटतो, पण त्यामागे साष्टीतली पोर्तुगिजांनी पाडलेली देवळं आहेत. स्टीफन्सचं प्रेम खरं होतं आणि मागे उभी असलेली बंदूकही खरी होती. भारतीय संविधानाच्या २५ व्या कलमाने धर्माचा प्रसार करण्याचा हक्क दिला. १९७७ मध्ये स्टेनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आपल्या धर्माची तत्त्वं दुसऱ्यापुढे मांडण्याचा हा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा नव्हे. कायद्याला सक्ती, फसवणूक आणि आमिष यांच्यावर बोट ठेवता येतं. शारदा सदनासारख्या प्रकरणापाशी मात्र तो घुटमळतो.

आणि हेही नमूद करायला हवं की मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग यांतल्या कुठल्याच वादातून आलेला नाही. अहमदनगर आणि आसपासच्या जिल्ह्यांतली महार-मांग कुटुंबं आली ती शाळेमुळे, माणूस म्हणून मिळालेल्या वागणुकीमुळे, आधी गेलेल्या नातेवाइकांमुळे, दुष्काळात मिळालेल्या आधारामुळे. मोरभट आणि विल्सन अवतारांवर भांडत होते, तेव्हा या माणसांना सभेत जागाच नव्हती. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, मिशनऱ्यांची ब्राह्मणी धर्मावरची टीका त्यांनी पुरेपूर वापरली, पण ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म’ मांडला. वादातला मुद्दा कोण कुठे घेऊन जाईल, याचा भरवसा नसतो.

ज्या मिशनऱ्यांनी हे ओळखलं त्यांनी वाद सोडून कीर्तनाकडे मोर्चा वळवला. अहमदनगरला कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी १८६० च्या दशकात ख्रिस्ती कीर्तनं उभी केली. पूर्वरंगात तत्त्वाचं निरूपण आणि उत्तररंगात आख्यान हा साचा मराठी श्रोत्याच्या हाडीमाशी भिनलेला. कीर्तनात बुवा तुम्हाला निरुत्तर करत नाही, त्यामुळे तुम्हाला बचावाचा पवित्राही घ्यावा लागत नाही. ऑगस्टीनने चांगल्या उपदेशकाची तीन कामं सांगितली होती, शिकवणं, रिझवणं आणि मन हलवणं. ती तिन्ही एका बैठकीत करणारा प्रकार आपल्या देवळांच्या सभामंडपांत शतकानुशतकं चालू होता.

नारायण वामन टिळक याच कोकणातले. जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी गोऱ्या माणसाने त्यांच्याशी कवितेच्या गप्पा मारल्या, नवा करार हातात दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीत करून तो उतरून गेला. नाव-गाव काही नाही. वाद नाही. टिळक पुस्तक वाचत डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथेच अडकले. नंतर त्यांनी निनावी लेख लिहिले, मुंबईच्या जस्टिन ॲबट यांच्याशी पत्रव्यवहार केला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तो गोऱ्या पाद्र्याच्या हातून घ्यायचा नाही असा त्यांचा हट्ट होता. रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी तो दिला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं टिळक मानत आणि त्यांचे अभंग वाचताना ते खोटं वाटत नाही. गंमत अशी की त्यांच्याशी पत्रव्यवहार करणारे ॲबट पुढे उलट दिशेने गेले. महिपतीचा ‘भक्तविजय’ आणि संतांची चरित्रं इंग्रजीत नेण्यात त्यांनी आपली उत्तरायुष्यातली वर्षं घातली.

टिळकांनी घरात मात्र वाद घालून काही साधलं नाही. लक्ष्मीबाई नवऱ्याच्या धर्मांतराने कोसळल्या. बरीच वर्षं वेगळ्या राहिल्या आणि परतल्यावरही सोवळं-ओवळं पाळत राहिल्या. त्यांचा बदल सुरू झाला तो ख्रिस्तापासून नव्हे, जातीपासून. देवाने माणसांत ही उतरंड केली असेल का, या एका प्रश्नाने त्यांच्या मनात घर केलं आणि त्याचं उत्तर पटलं तेव्हा त्यांनी कोणाच्याही हातचं पाणी पिऊन टाकलं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ भरवला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. चर्चमधल्या पुष्कळांना ते रुचलं नाही. टिळक दोन वर्षांत गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. टिकलं ते लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’. त्याचे भाग १९३४ पासून येत गेले, विजया मेहता यांनी त्यावर चित्रपट केला आणि ते पुस्तक आजही छापलं जातं. लक्ष्मीबाई त्यात ख्रिस्ती धर्माची बाजू मांडायला बसलेल्या नाहीत. वडिलांचं सोवळं, नवऱ्याचा लहरीपणा, प्लेगचे दिवस, स्वतःची फजिती, सगळं त्या हसत सांगतात. ज्या मराठी घरांत बायबल कधी उघडलं गेलं नाही, तिथेही ‘स्मृतिचित्रे’ कपाटात असतं. विल्सन यांचा खंडनग्रंथ मात्र हल्ली संशोधकच काय ते ग्रंथालयातून मागवतात.